अडथळा क्रमांक तीन

हिंगोलीहून वाशिमकडं निघालं की कनेरगाव नाक्याच्या अलीकडं उजव्या हाताला एक लांबलचक पत्र्याचं गोदाम लागतं. त्या गोदामाच्या दारात, कडुनिंबाच्या बुडाशी, तांड्यावरची अनुसयाबाई अकरा वर्षं बसत होती.

काम असं. शेतकऱ्याची हळद आली की नरसिंग हमाल पोत्यात खांद्यापर्यंत हात घालायचा आणि तळाची, मधली, वरची अशा तीन कांड्या तिच्या पुढ्यात टाकायचा. अनुसयाबाई एकेक कांडी कानाशी नेऊन मोडायची. नीट वाळलेली हळद मोडताना पितळेच्या तांब्यावर नख मारल्यासारखी वाजते. ओलीचा आवाज तिच्या पोटातच राहतो. आवाज ऐकून अनुसयाबाई म्हणायची, "काट्यावर," नाहीतर म्हणायची, "उन्हाला." काट्यावर म्हटलं की पोतं आत. उन्हाला म्हटलं की पोतं बाजूच्या वाळवणीच्या अंगणात, ताडपत्रीवर. शेतकरी मोठा असो की लहान, पुढाऱ्याचा मेहुणा असो की कुणाचा व्याही, त्याच्यावर अपील नव्हतं.

कानही तसाच होता. तिकडं सिद्धेश्वर धरणाचं दार उचललं की इकडं पत्र्याखाली बसून बाई सांगायची, पाणी सुटलं म्हणून. हमालच हे सांगत. हमाल खोटंही बोलत असतील, पण त्या दिवशी कालव्याला पाणी यायचं ते यायचंच.

गोदाम होतं 'हळदमाय शेतकरी उत्पादक कंपनी'चं. अध्यक्ष माणिकराव. माणिकराव गोदामात वर्षातून दोनदा येत, एकदा झेंडा फडकवायला आणि एकदा फोटो काढायला. त्यामुळं दारात कोण बसतं आणि काहून बसतं, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. ठाऊक होतं ते व्यवस्थापक देविदासला. हे तांड्यावरचंच पोरगं, बी.कॉम. झालेलं, अनुसयाबाईला 'याडी' म्हणजे आई म्हणणारं. पण देविदासचा पाय एका फायलीत अडकला होता. कंपनीला प्रमाणपत्र हवं होतं तेव्हा त्यानं फायलीत लिहून दिलं होतं की मालाचा ओलावा आधुनिक मीटरनं मोजला जातो. मीटर होतंही. कपाटात होतं, उद्घाटनाची फीत अजून गळ्यात होती. त्याला हळद लावा, ओलं फडकं लावा, देविदासचं स्वतःचं बोट लावा, ते नऊच दाखवायचं. दहाच्या खाली म्हणजे उत्तम. असं समाधानी यंत्र साऱ्या मराठवाड्यात दुसरं नव्हतं.

अशा सुखात चाललेल्या गोदामात पुण्याहून सोमेश्वर साहेब आले.

माणिकराव त्यांना एका परिषदेत भेटले होते. तिथं साहेबांनी पडद्यावर इतके गोल आणि इतके बाण दाखवले की माणिकरावांना दोन दिवस भाकरी गोल दिसली तरी त्यातून बाण निघाल्यासारखा वाटायचा. त्यांनी साहेबांना थेट गाडीत घालून आणलं. मंडप घातला, खुर्च्या मांडल्या, हमालांना हात धुऊन बसवलं. अनुसयाबाई आपल्या जागेवरच राहिली. तिथूनही तिला ऐकू येत होतं.

"याला म्हणतात सिमॅंटिक वेब, अर्थाचं जाळं," सोमेश्वर साहेब म्हणाले. "आजवर तुमचा संगणक नुसती अक्षरं साठवत होता. 'हळद' ही अक्षरं त्याच्याकडं आहेत, पण हळद म्हणजे काय, हे त्याला कळत नाही. आम्ही त्याला अर्थ शिकवणार. आधी प्रत्येक वस्तूला एक कायमचा पत्ता. मग वस्तूवस्तूंमधलं नातं, फक्त तीन शब्दांत. शेतकरी, आणतो, हळद. हमाल, उचलतो, पोतं. अशी हजारो वाक्यं झाली की यंत्र स्वतः अनुमान काढतं, कुठं वेळ जातो, कोण कशात अडकलंय. तुमच्या कामाची सगळी साखळी आपोआप सुधारते."

अनुसयाबाई नरसिंगला म्हणाली, "तीन शबदात सांगता येतंय तर हा दोन तासापासून काय करून राहिला?"

"याडी, हळू. साहेब हायेत."

"मीबी तेच म्हनून राहिले. साहेब हाय, म्हनून दोन तास."

दुसऱ्या दिवसापासून चिकटवाचिकटवी सुरू झाली. काटा, टेबल, पंखा, कडुनिंब, सगळ्यांवर काळ्या ठिपक्यांचे चौकोनी कागद लागले. समोरच्या टपरीवरून मुन्ना चहा घेऊन आला तर त्याच्या किटलीवरही लागला. मुन्नाच्या घराला अजून ग्रामपंचायतीचा घरनंबर नव्हता. किटलीला मात्र जगात कायमचा पत्ता मिळाला.

मग मुलाखती. सोमेश्वर साहेब मांडीवर संगणक घेऊन अनुसयाबाईपुढं उकिडवे बसले.

"आजी, तुम्ही इथं काय करता?"

आता तांड्याचा एक कायदा आहे. पाहुण्यापुढं आपल्या हाताची थोरवी आपण सांगायची नाही. बाईनं बाराशे माणसांचा स्वयंपाक एकटीनं ओढला असेल आणि कुणी विचारलं, तर 'काय न्हाई, चूल पेटवली' एवढंच म्हणायचं. पुढचं विचारणाऱ्यानं विचारायचं. अनुसयाबाईनं ओढणी पुढं घेतली.

"काय न्हाई बापू. बसून राह्यते."

"म्हणजे काहीच करत नाही?"

"मी म्हातारी काय करनार. करनारे हे लेकरं."

हमाल मान खाली घालून हसले. आता साहेब तिसऱ्यांदा विचारणार आणि याडी खरं सांगणार, हे त्यांना माहीत होतं. या जिल्ह्यात माणूस चहालासुद्धा तिसऱ्या आग्रहाला 'हो' म्हणतो. पहिल्या दोन वेळचं 'नाही' हे नुसतं पाय पुसणं असतं, घरात शिरण्याआधीचं. पण सोमेश्वर साहेब दोनदा विचारून थांबले. त्यांनी तीन शब्दांच्या चौकटीत भरलं: अनुसयाबाई, करते, काही नाही.

पुढची मुलाखत देविदासची.

"ओलावा कसा मोजता?"

देविदासनं एकदा दाराकडं पाहिलं, एकदा फायलीकडं. "मीटरनं, सर."

"किती येतो?"

"नऊ."

"नेहमी?"

"नेहमी."

"उत्कृष्ट," साहेब म्हणाले आणि तेही भरलं.

आठ दिवस यंत्र विचार करत होतं. नवव्या दिवशी त्यानं अनुमान काढलं. माल सगळा वाळलेला, कारण नऊ. तरीही प्रत्येक गाडी दारात चार मिनिटं थांबते. दारात काय आहे? काहीही न करणारे नग तीन. एक, रुतलेला दगड. दोन, मोडकी ढकलगाडी. तीन, अनुसयाबाई. जे काही करत नाही आणि वाटेत आहे, त्याची जात 'अडथळा'. शिफारस: तिन्ही हलवावेत.

माणिकरावांनी पडद्यावर लाल अक्षरं पाहिली आणि त्यांच्या अंगावर काटा आला. अकरा वर्षं अडथळा, आणि एकाही माणसाला दिसला नाही, यंत्राला दिसला. लगेच हुकूम सुटला. दगड चार हमालांनी हलवून पाहिला, हलेना, तो राहिला. ढकलगाडीचं चाक निखळलं, ती तिथंच आडवी झाली. हलवायला सगळ्यात सोपी होती अनुसयाबाई. तिला नुसतं सांगायचं होतं.

सांगायला देविदास गेला. तो कडुनिंबावरचा ठिपक्यांचा कागद नखानं खरवडत उभा राहिला.

"बोल की," अनुसयाबाई म्हणाली. "काय म्हनून राहिलंय तुझं यंत्र?"

"याडी, तू त्याला सांगायला पाह्यजे होतं, तू काय करते ते."

"आन तू? तुला तर ठावं होतं ना. तुज्या जिभंला काय चिकटवलं होतं त्यानं, तो ठिपक्याचा कागद?"

अनुसयाबाई उठली, बसायचं गोणपाट झटकलं, घडी केली आणि रस्ता ओलांडून मुन्नाच्या टपरीवरच्या बाकावर जाऊन बसली. तांड्यावर परत गेली नाही. अकरा वर्षांत तिच्या नावावर एकच गोष्ट होती: हळदमायचं पोतं म्हटलं की लोक डोळे झाकून घेतात. ते तिच्या कानावर उभं होतं. ती जागा गेली तर तांड्यावर दहा म्हाताऱ्या होत्या, त्यात अकरावी.

एप्रिलचा महिना. त्याच आठवड्यात अवकाळीनं तीन दिवस झोडपलं. लोकांची शिजवलेली हळद अंगणात भिजली. उन्हाला टाकायची ती लोकांनी घाईनं पोत्यात भरली आणि गोदामात आणली, कारण बातमी पसरली होती की हळदमायच्या दारात आता कुणी कांडी मोडत नाही. गाड्यांची रांग धडाधड आत. चार मिनिटांचे चाळीस सेकंद झाले. पडदा हिरवागार. माणिकरावांनी त्या हिरव्या पडद्याचा फोटो साऱ्या नातेवाइकांना पाठवला.

इकडं बाकावर अनुसयाबाईचा जीव कानात आला होता. हमालानं पोतं थप्पीवर टाकलं की वाळलेली हळद आत खळखळते. ओलं पोतं थप्पकन बसतं, म्हशीनं बूड टेकावं तसं. रस्त्यावरून ट्रक चालले तरी तिला ते ऐकू यायचं.

"हे बावन्नावं," ती मुन्नाला म्हणाली.

"चाची, तुम काहेको गिनते बैठे? जाने दो ना."

"मोजून न्हाई राहिले. कानात घुसून राहिलंय. कान काय दुकान हाय का, शटर पाडायला?"

"तो जाके बोल दो."

"बोलावल्याबिगर जायला मी काय पाऊस हाय?"

केरळच्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्याला तीनशे पोती जायची होती. कंपनीचा पहिलाच परराज्यातला सौदा. माल उचलण्याआधी त्यांचा तपासणारा माणूस आला. उंच, पांढरी लुंगी, बोलणं कमी. माणिकराव फोटोवाला घेऊन हजर होतेच. सोमेश्वर साहेबांनी पडदा दाखवला. प्रत्येक पोत्याचा पत्ता, पोत्याचं शेताशी नातं, शेताचं शेतकऱ्याशी, शेतकऱ्याचं त्याच्या विहिरीशी. त्या माणसानं सगळं शांतपणे पाहिलं. मग थप्पीपाशी गेला, एका पोत्यात खांद्यापर्यंत हात घातला, तळाची एक कांडी काढली, कानाशी नेली आणि मोडली.

दुसऱ्या पोत्याची मोडली. तिसऱ्याची मोडली. मग हात रुमालाला पुसले आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "कल शाम तक रुकेगा. सूखा माल दो, नहीं तो खाली ट्रक जाएगा."

माणिकराव देविदासवर घसरले. "मीटर नऊ दाखवतंय ना?"

देविदासनं कपाटातून मीटर आणलं आणि माणिकरावांच्या कपाळाला लावलं. नऊ. मुन्नाच्या किटलीला लावलं. नऊ. मग त्यानं सगळं सांगून टाकलं, फाईल, फीत, बाईचा कान. माणिकरावांनी फोटोवाल्याकडं पाहिलं. त्यांना वाईट याचं वाटत होतं की हे सगळं फोटोवाल्यानं ऐकलं.

मग अध्यक्षांनी रस्ता ओलांडला. मागं देविदास, त्याच्या मागं संगणक छातीशी धरून सोमेश्वर साहेब.

"बाई, झालं गेलं सोडा. आत चला," माणिकराव म्हणाले.

"आत येऊन काय करू पाटील? तुमच्या कागदात मी धोंड्याच्या पंगतीला बसले."

"ते खोडून टाकू."

"खोडू नका. लिवा."

"काय लिहायचं?"

"दारातून आलेलं काय बी माझ्या व्हय बिगर पुढं जाऊ नये."

सोमेश्वर साहेबांनी चष्मा वर केला. "काहीही? नियम एकदा घातला की यंत्र तो शब्दशः पाळतं, आजी. अपवाद ठेवायचे असतील तर आताच सांगा."

"अपवाद कोनाचा ठेवायचा?" अनुसयाबाईनं माणिकरावांकडं पाहिलं.

तिकडं ट्रकवाला हॉर्न देत होता. "नाही नाही, अपवाद कसला," माणिकराव घाईनं म्हणाले. "बाई म्हणतात तसंच घाला साहेब. दारांची कुलुपंसुद्धा यंत्रालाच जोडा."

बाई गोणपाट घेऊन परत दारात आली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून तिनं तीनशे पोत्यांच्या नऊशे कांड्या मोडल्या. एकशे बारा पोती उन्हाला गेली. तेवढी भरून काढायला गावोगावचे शेतकरी दडवलेला चांगला माल घेऊन आले, कारण बाई परत बसली हेही लगेच पसरलं होतं. लुंगीवाला तिच्या शेजारी उकिडवा बसून ऐकत होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी दोनदा दोघं एकाच वेळी हसले. संध्याकाळी ट्रक भरून गेला.

सोमेश्वर साहेबांनी पुण्यात जाऊन यावर एक निबंध वाचला, ग्रामीण श्रुतज्ञानाचं यंत्रात रूपांतर, असलं काहीतरी नाव होतं. त्यांना ढाल मिळाली. एक ढाल माणिकरावांनाही आली. निबंधात बाईचं नाव नव्हतं. 'स्थानिक ध्वनिसंवेदक' असं होतं, आणि तो संवेदक चहा पितो, ही गोष्ट त्यांनी तळटीपेतसुद्धा सांगितली नाही.

नियम मात्र यंत्रानं जिवाला लावून घेतला. दारातून येईल ते ते त्यानं लॉट, म्हणजे तपासायचा माल, धरलं. पहिल्या सकाळी हमाल दारातून आत आले तर आतल्या दाराचं कुलूप उघडेना. अनुसयाबाईनं देविदासच्या टॅबवर एकेकाचं नाव घेऊन 'व्हय' म्हटलं तेव्हा सुटले. देविदासला व्हय, मुन्नाला व्हय, किटलीला वेगळं व्हय, गोदामातल्या मांजराला व्हय. एकदा व्हय मिळालं की कायमचं. कंपनीत व्हयवाचून कुणी राहिलं नाही. म्हणजे एक राहिले, पण ते झेंड्याला येणार होते.

मे महिन्यात तांड्यावर अनुसयाबाईच्या नातीचं, संगिताचं लग्न निघालं. बाई पाच दिवस गेली. देविदासही गेला, तोही घरातलाच. गोदाम पाच दिवस गप्प. काट्याला कुलूप, थप्पीला कुलूप. नरसिंग एकटा राखणीला.

तिसऱ्या दिवशी माणिकराव आले. भिंतीवर ढाल टांगून फोटो काढायचा होता. ड्रायव्हर आणि फोटोवाला पानाला थांबले, माणिकराव ढाल घेऊन पुढं झाले. दार उघडलं, माणिकराव आत गेले, दार मागं बंद झालं. पुढचं उघडेना. मागचंही उघडेना. दोन दारांमधल्या पत्र्याच्या बोळात माणिकराव आणि ढाल. समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटली: लॉट क्रमांक चारशे बारा. माणिकराव. तपासणी बाकी.

त्यांनी सोमेश्वर साहेबांना फोन लावला. साहेब कुठल्यातरी मंचावर होते, फोन बंद. नरसिंग पलीकडून म्हणाला, पहार आणतो, दार तोडू. माणिकरावांनी मना केलं. ज्या यंत्राची ढाल काखेत आहे, त्याच यंत्राचं दार तोडल्याचं पेपरात आलं तर काय राहिलं? मग त्यांनी देविदासला फोन केला.

तांड्यावर तेव्हा ढावलो चालू होता. ढावलो म्हणजे निघायच्या आधी नवरीनं घरच्या बायकांच्या गळ्यात पडून गाणं म्हणत रडायचं. एकेका बाईच्या गळ्यात, एकेक नातं काढून. संगिता आजीच्या गळ्यात होती आणि आजीबद्दल बरंच काही शिल्लक होतं. देविदास टॅब आणि फोन घेऊन बाजूला उभा राहिला. मधे बोलायची कुणाची छाती नव्हती. पत्र्याच्या बोळात त्रेचाळीस डिग्री होतं, इकडं नवरी आजीच्या लहानपणापर्यंत आली होती.

पाऊण तासानं संगिता दम खायला थांबली.

"काय रे?" अनुसयाबाईनं विचारलं.

"याडी, पाटील अडकले दारात. यंत्र तुझं व्हय मागून राहिलंय."

"कोन्ता पाटील?"

"अध्यक्ष. माणिकराव."

"आस्सं. तपासलं न्हाई ना त्यांना अजून." तिनं फोन कानाला लावला. "बोला पाटील."

माणिकराव बोलले. सन्मानानं बोलले, कंपनीच्या प्रगतीत महिलांचा वाटा किती मोठा हे बोलले, ढाल खरं म्हणजे बाईंचीच आहे असं बोलले. अनुसयाबाई डोळे मिटून ऐकत होती. शब्द नव्हती ऐकत, आवाज ऐकत होती. पुरतं ऐकून झाल्यावर तिनं फोन बाजूला केला आणि टॅबकडं तोंड करून सावकाश सांगितलं, "लॉट चारशे बारा. आतून वल्ला हाय. उन्हाला. दोन दिवस."

यंत्रानं हुज्जत घातली नाही. काट्याकडचं दार बंदच राहिलं आणि बाजूचं, वाळवणीच्या अंगणाचं दार उघडलं. अंगणाला भिंत आठ फुटी. आत ताडपत्र्यांवर लोकांची हळद पसरलेली. माणिकराव त्या पिवळ्या मैदानात ढाल डोक्यावर धरून उभे राहिले. सावलीसाठी तिचा उपयोग होत होता, हे मान्य केलं पाहिजे.

थोड्या वेळानं पुन्हा फोन वाजला. या खेपेला नरसिंग होता.

"याडी, हळद उलथवायची येळ झाली. पाटील मधीच बसलेत. त्यांनाबी उलथवू का?"

अनुसयाबाईनं संगिताचं डोकं परत खांद्यावर घेतलं, तिच्या पाठीवर हात ठेवला.

"त्यांना प्यायला पानी दे," ती म्हणाली. "उलथवायला मी येते."